आदरार्थी शब्दांचा अर्थ आणि कन्नड कोश

कोशाची थोरवी सामान्यतः शब्दसंख्येवरून व अवतरणांच्या विपुलतेवरून मापली जाते. ही मापे खोटी नव्हेत. परंतु कोशाची खरी परीक्षा दुर्मिळ शब्दांपेक्षा नित्याच्या शब्दांवर होते, आणि त्यांतही आदर दर्शविणाऱ्या शब्दांवर ती सर्वांत कठोर होते. कारण या शब्दांचा अर्थ वस्तूकडे बोट दाखवून सांगता येत नाही. तो बोलणारा, ऐकणारा व ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो, या तिघांच्या नात्यात असतो. कन्नडच्या कोशांकडे या दृष्टीने पाहण्याचा येथे हेतू आहे.

कन्नड कोशरचनेचे दोन आधारस्तंभ सर्वमान्य आहेत. बासेल मिशनच्या फर्डिनंड किटेल यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ मध्ये मंगळूर येथे प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७०,००० शब्द असून, ग्रंथांबरोबरच म्हणींचाही आधार घेण्याची दृष्टी किटेल यांनी दाखविली. दुसरा, कन्नड साहित्य परिषदेचा आठ खंडांचा कोश १९७० ते १९९५ या काळात पुरा झाला. शिलालेखांपासून अर्वाचीन वाङ्मयापर्यंतची अवतरणे हे त्याचे वैभव होय. या दोहोंचे ऋण मान्य करूनच पुढील आक्षेप मांडावयाचा आहे. तो व्यक्तींवर नसून पद्धतीवर आहे. शब्द द्यावा, अर्थ द्यावा आणि ‘आदरार्थी’ असा शेरा मारावा, ही रूढ पद्धती कन्नडसारख्या बहुबोली भाषेला पुरत नाही.

पहिले उदाहरण तृतीयपुरुषी सर्वनामांचे. लिखित कन्नडमध्ये स्त्रीविषयी बोलताना तीन पायऱ्या आढळतात : ‘अवळु’ ही साधी, ‘आके’ ही मधली आणि ‘अवरु’ ही पूर्ण आदराची. मराठीत ‘ती’ आणि ‘त्या’ अशा दोनच पायऱ्या असल्यामुळे अनुवादकाला ‘आके’पाशी नेहमीच थबकावे लागते. धारवाडकडील बोलीत मात्र ‘आकि’ हेच नित्याचे सर्वनाम आहे. बहीण, शेजारीण, मोलकरीण, कोणाहीविषयी ते सहज येते. त्यात विशेष आदर नाही, अनादरही नाही. म्हणजे शब्द एकच, परंतु त्याच्या शेजारचे शब्द बदलले की त्याचे मोल बदलते. लिखित भाषेवरून बांधलेला अर्थ हाती धरून कोणी बोलीतील संवाद अनुवादू लागला, तर जेथे केवळ ‘ती’ आहे तेथे त्याला ‘त्या’ दिसू लागेल.

दुसरे उदाहरण ‘री’ या प्रत्ययाचे. मराठी वाचकाला हे चटकन उमगावे. आपल्या ‘काय रे’, ‘काय गं’, ‘काय हो’ यांना कन्नडमध्ये ‘एनो’, ‘एने’, ‘एन्री’ ही रूपे समांतर आहेत. पहिल्या दोहोंत लिंगभेद आहे. आदर येताच तो दोन्ही भाषांत लोपतो. ‘री’चे मूळ आज्ञार्थाच्या ‘-इरि’ या अनेकवचनी रूपात आहे. परंतु उत्तर कर्नाटकात ते क्रियापदापासून सुटून ‘हौद्री’, ‘इल्ल्री’ असे कोठेही लागते. म्हैसूरकडील वक्ता ‘नीवु’ व अनेकवचनी क्रियापद वापरून आदर पुरा झाला असे मानतो. धारवाडकडील कानाला ‘री’वाचूनचे तेच वाक्य कोरडे लागते. आणि पत्नीने पतीला घातलेली नुसती ‘री’ अशी हाक म्हणजे तर आपले ‘अहो’च होय. हा सारा व्यवहार ‘आदरार्थी प्रत्यय’ एवढ्या शेऱ्यात सामावत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण हव्यक बोलीत सापडते. तेथे स्त्रीविषयी ‘अदु’ हे नपुंसकलिंगी सर्वनाम योजतात. कोशातील ‘ती वस्तू’ हा अर्थ येथे लावणे म्हणजे त्या समाजावर अन्याय करणे होय. कोकणीतही मुलीविषयी ‘तें’ म्हणण्याची रीत आहे. तिच्यात हेटाळणी नसते.

सर्वांत गंभीर प्रश्न संबोधनांचा आहे. बाराव्या शतकातील शरणांनी ‘अण्ण’ व ‘अक्क’ हे नात्याचे शब्द आदरार्थी केले. बसवण्णा व अक्कमहादेवी ही नावेच त्याची साक्ष देतात. तो आदर जातीची उतरंड ओलांडणारा होता. जुन्या म्हैसूर भागातील खेड्यांत मात्र खालच्या मानलेल्या जातींतील माणसे वरच्यांना ‘बुद्धि’ असे संबोधीत, आणि हे संबोधन परत मिळत नसे. ब्राऊन आणि गिलमन यांनी १९६० मध्ये सर्वनामांच्या संदर्भात दाखविलेला परस्पर व एकतर्फी प्रयोगांतील भेद येथे तंतोतंत लागू पडतो. ‘अण्ण’ आणि ‘बुद्धि’ या दोहोंपुढे ‘आदरार्थी’ असाच शेरा लिहिला, तर स्वेच्छेचा आदर आणि सक्तीची नम्रता कोशात एकाच पंक्तीला बसतात.

कोश म्हणजे समाजशास्त्राचा ग्रंथ नव्हे, असा आक्षेप यावर येईल. तो रास्त आहे. परंतु आमची मागणीही तेवढी मोठी नाही. शब्द कोणत्या भागातला, कोणी कोणास योजावयाचा, आणि तो उलट मिळतो की नाही, एवढ्या तीन खुणा पुरेत. पहिलीचा पायंडा दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने प्रादेशिक संक्षेप देऊन मराठीत केव्हाच घातला आहे. उरलेल्या दोहोंसाठी प्रत्यक्ष बोली ऐकावी लागेल. या दिशेने आरंभ झालेला आहे : पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६० नंतरच्या दशकात गुलबर्गा, नंजनगूड व हालक्की या बोलींची वर्णने प्रसिद्ध केली, आणि मॅक्कॉर्मॅक यांनी धारवाडच्या सामाजिक बोलींचा अभ्यास केला. पुढे देवनूर महादेव यांच्या ‘कुसुमबाले’ या कृतीने नंजनगूड परिसराची बोली वाङ्मयात प्रतिष्ठित केली.

साधने आहेत, ती कोशाच्या पानापर्यंत पोहोचावयाची आहेत. जो कोश आदराचा शब्द नोंदवितो पण तो कोणाच्या मुखी होता हे सांगत नाही, तो शब्द जपतो आणि अर्थ गमावतो.