दादा, वडील, बाबा, बाप

मराठी मध्यमवर्गीय घरात परवा-परवापर्यंत एक साधा नियम होता. आईला 'अगं', वडिलांना 'अहो'. आई एकवचनी, वडील आदरार्थी अनेकवचनी. आज बापाला 'ए बाबा' म्हणून हाक मारणाऱ्या पोरांना हे ऐकून गंमत वाटेल, पण त्या 'अहो'मध्ये एक हातभर अंतर होतं आणि ते अंतर आपल्या पुस्तकांतही उतरलेलं आहे. साने गुरुजींनी 1935 साली 'श्यामची आई' दिली आणि आईला मराठी साहित्यात कायमची जागा मिळाली. त्याच पुस्तकात श्यामचे वडीलही आहेत, कर्जानं पिचलेले, मान खाली घातलेले. त्यांच्यासाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी ऐकलं नाही.

मुलगा मोठा होतो म्हणजे काय होतं? पाश्चात्त्य कादंबऱ्यांवरची समीक्षा वाचून आपण लगेच 'बापाविरुद्ध बंड' वगैरे म्हणतो. मराठी पुस्तकं जरा नीट पाहिली तर बंडापेक्षा हिशेब जास्त दिसतो. फी कुणी भरली, रानात किती तास राबलो, मनीऑर्डर कधी आली, शाळेच्या दाखल्यावर नाव कुणाचं लागलं. बाप-लेकाचं नातं आपल्याकडे भावनेआधी वहीत नोंदलं जातं.

आनंद यादवांचं 'झोंबी' (1987) घ्या. कागलचा आनंदा आणि त्याचे दादा. दादांनी पोराची शाळा सोडवलीय, कारण रानात हात कमी पडतात. पोराला मात्र शाळा हवीय, इतकी की तो आणि आई मिळून गावातल्या दत्ताजीराव देसायांकडे दाद मागायला जातात, आणि हे दादांना कळू द्यायचं नाही असं आधीच ठरवतात. देसाई दादांना फैलावर घेतात. मग दादा शाळेला होकार देतात, पण अटी घालून. सकाळी शाळेच्या वेळेपर्यंत रानात काम, पाणी पाजायचं, शाळा सुटली की गुरं चारायची. रानात जास्त काम असेल त्या दिवशी शाळा नाही. आनंदा सगळ्या अटी मान्य करतो. वाचताना आपल्या घशात आवंढा येतो, पण त्या पोराला आनंद झालेला असतो! पुढे गुरं राखताना तो काठीनं म्हशीच्या पाठीवर कवितेच्या ओळी लिहितो. हा भाग 'जूझ' या नावानं बारावीच्या हिंदीच्या पुस्तकात गेला, त्यामुळे कागल कुठे आहे हे माहीत नसलेल्या हजारो मुलांनीही तो वाचलाय.

आता खरा प्रश्न. 'झोंबी'तले दादा खलनायक आहेत का? पहिल्या वाचनात नक्कीच वाटतात. पोराला रानात जुंपून स्वतः गावात हिंडणारा माणूस. पण यादव प्रामाणिक लेखक आहेत, ते रागाबरोबर जमाखर्चही मांडत जातात. दुसऱ्याची जमीन, वाढत जाणारी भावंडं, गुऱ्हाळ लवकर लावलं तर गुळाला बरा भाव मिळेल ही घाई. हा जमाखर्च जमेला धरला की दादांचा हट्ट निव्वळ दुष्टपणा राहत नाही. त्यांना दिसणारं जग एवढंच होतं की शिकलेलं पोर रानातून जातं आणि रान ओस पडतं. आणि यात ते चुकीचे नव्हते. आनंदा खरंच गेला. पुण्याला गेला, प्राध्यापक झाला, 'झोंबी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मुलगा जिंकला, त्याचं कौतुक आहेच. पण जिंकलेल्यानंच दोघांची गोष्ट लिहिली, ही या पुस्तकातली अडचण आहे. दादांची वही आपल्याला कधीच मिळत नाही. मला हे 'झोंबी'चं न्यून वाटत नाही, पण वाचताना ते विसरलो तर मात्र आपण आळशी वाचक ठरतो.

'कोसला' (1963) बरोबर उलट्या टोकाला. सांगवीच्या पांडुरंगला कुणी शाळेतून काढत नाही. वडील गावातले बडे, पैसा बाळगून असलेले, पोराला पुण्याला पाठवणारे. 'वडील' हाच शब्द, कोरडा आणि लांबचा. पांडुरंग त्यांचे पैसे चहात, मित्रांत, कॉलेजातल्या उचापतींत उडवतो. त्याला त्या पैशाचा तिटकारा आहे, त्या व्यवहारी शहाणपणाचाही, पण त्याची सगळी बेफिकिरी त्याच पैशावर उभी आहे. आपल्याकडे 'कोसला' वाचून होस्टेलवर आपण सगळेच थोडे पांडुरंग होतो. रूमचं भाडं तेव्हाही घरूनच येत असतं, हे त्या काळात सोयीनं विसरलेलं असतं. नेमाडे मात्र विसरत नाहीत. परीक्षेत आपटून पांडुरंग गावी परततो तेव्हा वडील तिथेच असतात, घरही, शेतही, पुढचे बेतही. मनीच्या मृत्यूचं प्रकरण मराठीत सगळ्यांच्या लक्षात आहे आणि ते तसं राहायलाच हवं. पण कादंबरीचा कणा मला या बाप-लेकाच्या न संपणाऱ्या उधारीत दिसतो. आनंदाला बापापासून सुटायला शाळा लागते. पांडुरंगला शाळा, कॉलेज, पुणं सगळं मिळूनही सुटता येत नाही.

मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'वर (2004) इथे फार थांबत नाही. मुकुंदाचे बाबा मारझोड करणाऱ्यांतले नाहीत, घरात श्वास घ्यायला जागा आहे. म्हणून तो पोरगा शिरोडकरच्या मागे हिंडायला मोकळा आहे. आणीबाणीचा धाक बाहेर आहे, मास्तरांच्या छडीत आहे, घरात नाही. नववीतल्या पोराचं असं निवांत बालपण मराठीत दुर्मीळ, आणि त्यामागे एक नोकरदार पगार आहे. पगार नसता तर मुकुंदाचा आनंदा झाला असता, असं मला सारखं वाटत राहतं.

पण वहीत बापाच्या नावाचं पानच नसेल तर? शरणकुमार लिंबाळ्यांच्या 'अक्करमाशी'त (1984) नेमकं हेच आहे. बाप पाटील, आई महार. बाप आहे, त्याचं घर माहीत आहे, पण तो मुलाला आपला म्हणत नाही. 'बापाचं नाव काय?' हा आपल्यासाठी फॉर्ममधला सगळ्यांत सोपा रकाना. या पुस्तकात त्याच रकान्यापाशी एक अख्खं आयुष्य अडतं. अशा वेळी बापाची जागा कोण घेतं, तर महमूद दस्तगीर जमादार, आजीबरोबर राहणारा मुसलमान म्हातारा. पोरं त्याला 'दादा' म्हणतात. 'झोंबी'तल्या दादांकडे बाप असण्याचा सगळा हक्क आहे आणि माया आटलेली. इथल्या दादाकडे हक्क शून्य, पण पोरांच्या पोटात घास घालणारा तोच. रक्त, धर्म, जात, कागद यांपैकी काहीच त्याच्या बाजूनं बोलत नाही. ही दोन पुस्तकं लागोपाठ वाचून पाहा, 'दादा' हा एकच शब्द वेगळा ऐकू येऊ लागेल.

राहता राहिला 'बाप'. पांढरपेशा घरात हा शब्द भांडणात तरी यायचा नाहीतर शिवीत. नरेंद्र जाधवांनी 1993 साली तो थेट पुस्तकाच्या नावात घातला, 'आमचा बाप आन् आम्ही'. नाशिकजवळच्या ओझरहून मुंबईत आलेले दामोदर जाधव, पोर्ट ट्रस्टमध्ये काम केलेले, बाबासाहेबांच्या चळवळीत उतरलेले. पुस्तक गाजलं ते मुलं कुठल्या कुठे पोचली म्हणून. यशाची गोष्ट म्हणून ते वाटलंही गेलं, आणि त्यातला तो भाग मला आज थोडा गुळगुळीत वाटतो. त्याचं मोल दुसरीकडे आहे. निवृत्तीनंतर रिकाम्या बसलेल्या बापाला मुलानं आठवणी लिहायला लावलं, आणि जेमतेम शिकलेला तो माणूस लिहीत सुटला. त्याच्या भाषेत, त्याच्या क्रमानं. काय आधी सांगायचं, काय गाळायचं, कुठे हसायचं हे तोच ठरवतो. आनंदाच्या दादांना जी वही मिळाली नाही, ती दामोदर जाधवांना मिळाली.

अर्थात तिथेही संपादन मुलाचंच आहे, पुस्तकावर नाव मुलाचं आहे. तरी त्या पानांवर बाप मुलाकडे पाहतोय हे जाणवतं, आणि मराठीत ही नजर मला फार कमी ठिकाणी भेटली. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये (1974) बाप तोंड उघडतो खरा, पण मेल्यावर. भाऊरावांचं प्रेत कीर्तन करतं, जुन्या स्मशानातच जाळा म्हणून हटून बसतं, आणि मुलगा नाना त्या हट्टापायी वणवण करतो. जिवंतपणी दोघं एकमेकांशी काय बोलत असतील याचा अंदाज प्रेक्षकानं बांधायचा.