धर्मानुभवाची साक्ष आणि दुर्खीमचा ‘समाज’

एमील दुर्खीम ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानें धर्मजीवनाच्या मूलरूपांवर लिहिलेला ग्रंथ १९१२ सालीं बाहेर पडला. त्याला शतक उलटून गेलें. तरी साक्षात्काराच्या प्रामाण्याचा वाद निघाला कीं अजूनहि त्याच्याकडेच वळावें लागतें. आमच्याकडील श्रद्धाळू मंडळी त्याला नास्तिक म्हणून दूर सारतात, आणि बुद्धिवादी मंडळी तो फारसा न वाचतांच त्याला आपल्या पक्षाचा वकील म्हणून उभा करतात. दोघांकडूनहि त्या ग्रंथावर अन्याय होतो, असें आमचें मत आहे.

दुर्खीम हा ज्यू धर्मगुरूचा मुलगा. वडिलांचा धर्म त्यानें सोडला. पण धर्म म्हणजे भोंदूंनीं रचलेलें थोतांड, हें मत त्यानें कधींच पत्करलें नाहीं. जी संस्था इतकीं युगें टिकली तिच्या मुळाशीं निव्वळ भ्रम असूं शकत नाहीं, येथून त्याचें विवेचन सुरू होतें. पुराव्यासाठीं तो मध्य ऑस्ट्रेलियांतील अरुंता व त्यांच्या शेजारच्या टोळ्यांकडे गेला. गेला म्हणजे पुस्तकांतून गेला, स्वतः त्या भूमीवर त्यानें पाऊल ठेवलें नव्हतें. स्पेन्सर व गिलेन ह्यांनीं १८९९ व १९०४ सालीं प्रसिद्ध केलेल्या वर्णनांवर त्याची बरीचशी मदार आहे. हे लोक वर्षाचा पुष्कळ भाग अन्नाच्या शोधांत लहान लहान जथ्यांनीं पांगलेले असत. मग विधीसाठीं एकत्र जमत. रात्रीं, जाळांच्या उजेडांत, नाचतां ओरडतां प्रत्येकाला वाटे कीं कोणी बाहेरची शक्ति आपणांस उचलून नेत आहे. दुर्खीम म्हणतो, ही शक्ति खरीच आहे. चूक फक्त तिच्या नांवांत आहे. ज्याला तो मनुष्य देव किंवा कुलचिन्ह म्हणतो, तें म्हणजे त्याच्या अंगांत संचारलेला त्याचा समाजच होय. उष्णतेचा स्पर्श खोटा नसतो, म्हणून उष्णतेचें स्वरूप स्पर्शाला वाटतें तसेंच असतें असें नाहीं, धर्मानुभवाचेंहि तेंच.

ह्या युक्तिवादाचें बळ ध्यानांत येण्यासाठीं विल्यम जेम्सचा १९०२ सालचा धर्मानुभवावरील ग्रंथ शेजारीं ठेवावा. संत पॉलला दिसलेला प्रकाश म्हणजे अपस्माराचा झटका, असें म्हणणाऱ्या वैद्यकी जडवाद्यांना जेम्सनें चांगलेंच निरुत्तर केलें. आस्तिकाची श्रद्धा शरीराच्या विकारांतून उपजत असेल, तर नास्तिकाचा नकारहि तेथूनच उपजतो. मग उगमावरून मोल कसें ठरवावें? उत्तर बिनतोड आहे, पण दुर्खीमला तें लागूं पडत नाहीं. तो साक्षात्कारी पुरुषाला रोगी म्हणतच नाहीं. तो त्याला पढविलेला साक्षीदार ठरवितो. पढविलेला साक्षीदार खोटेंच बोलतो असें नव्हे. कदाचित् त्याचा शब्दन् शब्द खरा असेल. पण तो पढविलेला आहे हें एकदां उघड झालें, कीं न्यायाधीश केवळ त्याच्या जबानीवर निकाल देत नाहीं. आव्हिलाच्या तेरेसाला ख्रिस्त दिसला, नामदेवाला विठ्ठल दिसला. उलट झाल्याचें कोणीं ऐकलें नाहीं. अनुभव आधीं निराकार येतो व मागाहून त्याला परंपरेचीं वस्त्रें चढतात, असें म्हणण्याची सोय आहे खरी. पण स्टीव्हन कॅट्झनें १९७८ सालीं तीहि काढून घेतली. परंपरा अनुभवाला घडवीत असते, मागाहून नटवीत नाहीं, असें त्याचें प्रतिपादन आहे.

गुरुदेव रानडे ह्यांनीं महाराष्ट्रांतील संतांच्या गूढवादावरील आपल्या १९३३ सालच्या इंग्रजी ग्रंथांत सर्व देशांच्या व काळांच्या साक्षात्कारी पुरुषांची एकवाक्यता पुढें केली आहे. त्यांच्या व्यासंगाबद्दल आम्हांस नितान्त आदर आहे. परंतु ही एकवाक्यता तपशील गाळल्यावरच दिसते, आणि तपशील कोणता गाळावा हें गाळणाराच ठरवितो. जेम्सनें ह्याहून सावध भूमिका घेतली होती: असा अनुभव ज्याला आला त्याला तो प्रमाण, इतरांवर त्याचें बंधन नाहीं.

येथवर आम्ही दुर्खीमच्या बाजूनें बोललों. आतां त्याचा सिद्धान्त आमच्या अंगणांत आणून पाहूं. आळंदीहून पंढरीला निघालेली दिंडी त्यानें पाहिली असती तर त्याला आनंदच झाला असता. टाळमृदंगाच्या गजरांत ‘मी’ विरून जातो, हें कोणताहि वारकरी सांगेल. तरी इरावती कर्वे ह्यांनीं वारींत चालतांना पाहिलें कीं, एकत्र चालणाऱ्या व एकत्र गाणाऱ्या ह्या भक्तांच्या पंक्ति मात्र जातवार वेगळ्या बसत होत्या. म्हणजे तो उल्हास समाजाला वितळवीत नव्हता; भेदांसकट वाहून नेत होता. हें दुर्खीमच्या विरुद्ध आहे असें नाहीं. खरी अडचण पुढेंच आहे.

चौदाव्या शतकांतील चोखामेळा हा मंगळवेढ्याचा महार. त्याला देवळांत प्रवेश नव्हता. त्याची समाधि महाद्वाराच्या बाहेर आहे. तें दार त्याच्या बांधवांना उघडण्यास साने गुरुजींचें १९४७ सालचें उपोषण लागलें. ज्या समाजानें चोखोबाला दाराबाहेर ठेवलें, तोच त्याच्या अंतरांत देव होऊन त्याला जवळ घेत होता काय? ह्यावर दुर्खीमचा अनुयायी म्हणेल, चोखोबाचा समाज म्हणजे नामदेवादि संतांचा मेळा. शिवाय समाज म्हणजे नुसता माणसांचा जमाव नव्हे, त्याला स्वतःविषयीं वाटणारा आदर्शहि त्यांत येतो, असें दुर्खीमनेंच सांगून ठेवलें आहे. ठीक. पण दार लावणारा तो समाज, आलिंगन देणारा तोहि समाज, आणि अजून अस्तित्वांतच न आलेला तोहि समाज, असें म्हटल्यावर कोणता अनुभव ह्या सिद्धान्ताला खोटा पाडूं शकेल? भक्त ‘देव’ हा शब्द जितका सैल वापरतो, तितकाच सैल हा ‘समाज’ झाला.

ह्यावरून विठ्ठल सिद्ध होतो असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. चोखोबाच्या कांहीं अभंगांत आपला हीन जन्म हें पूर्वकर्माचें फळ, अशी कबुली आहे, आणि त्याबद्दल आधुनिक दलित विचारवंतांनीं त्याला दोषहि दिला आहे. तेथें समाजच बोलतो, आणि दुर्खीमचें भाष्य अक्षरशः खरें ठरतें. परंतु त्याच घरांत सोयराबाई विचारते कीं विटाळावांचून कोणता देह जन्मास आला, आणि मग सोवळा कोण? हा प्रश्न तिला कोणीं पढविला, तें दुर्खीमच्या ग्रंथांत आम्हांस सांपडलें नाहीं.