चार हजार पदार्थ, आणि शिजवणारी कुठाय?

येलेना मोलोखोवेत्स या रशियन बाईंचं चरित्र एका दमात सांगता येतं. जन्म १८३१, उत्तरेकडच्या अर्खांगेल्स्क बंदरात. माहेरचं आडनाव बुर्मान. आईबाप लवकर गेले, आजीनं वाढवलं. शिक्षण पीटर्सबर्गच्या स्मोल्नी संस्थेत, म्हणजे खानदानी मुलींसाठी राणी कॅथरीननं १७६४ साली काढलेल्या शाळेत. लग्न एका वास्तुशिल्पज्ञाशी, मुलं दहा. १८६१ साली कुर्स्क गावी त्यांनी पाककृतींचं एक पुस्तक छापलं. नाव 'तरुण गृहिणींना भेट, अथवा घरखर्च कमी करण्याचे साधन'. ते इतकं खपलं की १९१७ पर्यंत तीन लाखांच्या जवळपास प्रती गेल्या. १९१८ च्या डिसेंबरात पेत्रोग्राद शहरात बाई वारल्या.

झालं चरित्र. समीक्षक मंडळी इथंच थांबतात आणि मग लोणी, मलई, स्टर्जन मासा यांच्या आठवणीत बुडून जातात. आपल्याला तसं थांबून चालणार नाही. आपण पुस्तकाच्या सालाकडं बघू.

१८६१. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला (तिकडच्या जुन्या पंचांगाप्रमाणे) झार दुसऱ्या अलेक्झांडरनं भूदासांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. जमीनदारांच्या मालकीची दोन कोटींहून जास्त माणसं कागदावर मोकळी झाली. कागदावर म्हणतो, कारण जमीन मिळाली तिचे पैसे ४९ वर्षांच्या हप्त्यांनी फेडायचे होते, आणि ते हप्ते १९०७ साली कुठं सुटले. पण त्यातही एक वर्ग असा होता की त्याला तेवढंही नाही. घरकामाचे दास. स्वयंपाकी, गाडीवान, धोबिणी, दाया, हुजरे. चौदा-पंधरा लाख माणसं. यांनी आणखी दोन वर्षं चाकरी करायची आणि मग जायचं. जमीन एक वीतभर नाही. ज्याच्या हातात नांगर त्याला महागात का होईना जमीन, ज्याच्या हातात डाव त्याला फक्त दार दाखवलं.

आता पुस्तकाचं उपशीर्षक पुन्हा वाचा. घरखर्च कमी करण्याचे साधन. काल फुकट राबणारी स्वयंपाकीण आज-उद्या पगार मागणार. मालकिणीला आता हिशेब कळला पाहिजे, मांस किती, लोणी किती, किती माणसांना पुरतं. बाई प्रस्तावनेत सांगतात की स्वतःचा अनुभव नसलेल्या तरुण मालकिणीला थोड्या वेळात घरकारभार समजावा म्हणून हे लिहिलं. अनुभव नसलेल्या! मग अनुभव कुणाला होता? बाई प्रामाणिकपणे लिहून गेल्या आहेत, माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात खरी गोष्ट हीच आहे.

पुढच्या आवृत्त्यांत पदार्थ चार हजारांवर गेले. जेवणावळींच्या याद्या खर्चाच्या मानानं दर्जे पाडून दिल्या. उपासाचं वेगळं, बिनउपासाचं वेगळं, कारण त्यांच्या ऑर्थोडॉक्स पंचांगात वर्षाचे निम्म्याहून जास्त दिवस उपासाचे. आणि या सगळ्या भरगच्च ताटांच्या बाजूला एक लहानसं पान आहे, नोकरांच्या जेवणाचं. कोबीचं श्ची, काशा म्हणजे भरड्याची लापशी, बटाटे, वाटाणे. एकच चूल, एकच हात, आणि ताटं दोन. बाईंना यात काही वावगं वाटत नाही. लपवावंसंही वाटत नाही. जे सवयीचं झालं त्याला लाज कशाची?

कुणी म्हणेल, अहो, निदान नोकरांना काय घालावं हे तरी तिनं लिहिलं. बरोबर आहे, लिहिलं. तिच्या काळच्या कादंबऱ्यांत नोकर समोवार घेऊन येतो आणि जातो, तो काय खातो ते कुणी विचारत नाही. हे श्रेय बाईंना द्यायलाच हवं. दहा लेकरं सांभाळून वर्षानुवर्षं आवृत्तीमागून आवृत्ती सुधारत राहणं हेही खायचं काम नव्हे. पण श्रेय दिलं म्हणून प्रश्न मिटत नाही. चार हजार कृती एकट्या बाईच्या डोक्यातून आल्या असं कुणी मानत असेल तर त्यानं एकदा शंभर माणसांचा स्वयंपाक करून बघावा. पिठाला हात लावला की कळतं कधी फुगलं ते. रशियन भट्टीत हात घालून ताव ओळखायचा. ही विद्या कुणाची? १८९७ च्या जनगणनेत रशियात शंभरातल्या तेराच बायकांना वाचता येत होतं. म्हणजे पुस्तक वाचणार मालकीण, ऐकणार स्वयंपाकीण. तिचीच विद्या छापून तिलाच वाचून दाखवायची, वर खर्चाचा जाब विचारायचा.

आणि तिच्या पोरांनी वाचायला शिकावं म्हटलं तर? १८८७ साली शिक्षणमंत्री देल्यानोव्ह यांनी एक परिपत्रक काढलं. गाडीवान, हुजरे, स्वयंपाकिणी, धोबिणी, बारके दुकानदार यांच्या मुलांना सरकारी माध्यमिक शाळांत घेऊ नये, अगदीच असामान्य बुद्धीचं पोर असेल तर गोष्ट वेगळी. लोकांनी त्याला नाव दिलं 'स्वयंपाकिणीच्या पोरांचं परिपत्रक'. यावर आपल्या वाचकाला जास्त सांगायची गरज नाही.

चारच वर्षांनी, १८९१-९२ ला, व्होल्गाकाठी दुष्काळ. उपासमार आणि त्यामागून आलेली पटकी मिळून चार लाखांच्या आसपास माणसं मेली. लोक भाकरीच्या पिठात लेबेदा मिसळत. हे रानतण, आपल्या चाकवताच्या कुळातलं. त्या काळ्या भाकरीची कृती कुणी 'भेट' म्हणून छापली नाही.

पुढं बाई म्हातारपणी राजनिष्ठेच्या आणि धर्माच्या पुस्तिका लिहू लागल्या. स्वयंपाकघर सुरळीत तर राज्य सुरळीत, अशीच त्यांची समजूत दिसते. त्या पुस्तिका कुणी विचारल्या नाहीत. क्रांतीनंतर मोठं पुस्तकही 'बूर्झ्वा' ठरलं. देश सोडून गेलेल्यांनी ते सामानात नेलं. आणि मागं राहिलेल्यांनी त्याचा विनोद केला: अचानक पाहुणे आले तर काळजी नको, मोलकरणीला तळघरात पाठवा आणि डुकराची थंड मांडी वर आणवा. हे वाक्य पुस्तकात तसं नाहीच म्हणे. रेशनच्या रांगेतला माणूस मांडीला हसला, ठीक आहे. तळघराच्या पायऱ्या कोण उतरतंय याचं मात्र त्याला हसू आलं नाही, की रडूही.

१९५७ साली आर्सेनी तार्कोव्हस्की या कवीनं बाईंवर कविता लिहिली. संतापाची कविता. युद्ध, उपासमार पाहिलेल्या माणसाचा तो संताप खोटा नाही. पण त्यात तो बाईंना जो शब्द वापरतो त्याचा अर्थ धन्याची लाचार चाकर असा आहे. घ्या! सरंजामी मालकिणीला शिवी द्यायची तरी शब्द चाकराचाच लागला. खऱ्या चाकरणीला पुस्तकात पान मिळालं ते पातळ श्चीचं, आणि कवितेत आली ती शिवी होऊन.

लेनिनच्या नावावर एक वाक्य खपवतात की कुठलीही स्वयंपाकीण राज्य चालवू शकते. १९१७ साली त्यानं लिहिलं ते उलट होतं: आज लगेच तिला ते जमणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे, पण ते काम तिला शिकवायला आजच सुरुवात केली पाहिजे. हे लिहिलं त्याच्या आगेमागेच बोल्शेविकांनी आपलं ठाणं मांडलं ते स्मोल्नीत, बाईंच्या शाळेत. बाई त्याच शहरात होत्या. पुढल्या उन्हाळ्यात शहरात वर्गवार रेशन लागू झालं. अंगमेहनत करणाऱ्याला आधी, जुन्या मालक वर्गाला सगळ्यात शेवटी. ताटं पुन्हा दोन, फक्त क्रम उलटा.

सोविएत राज्य गेल्यावर हे पुस्तक पुन्हा छापलं गेलं, चकचकीत कागदावर, 'हरवलेला रशिया' म्हणून. १९९२ साली जॉयस टूमर या बाईंनी त्याचं निवडक इंग्रजी भाषांतर मोठ्या अभ्यासानं केलं. ज्यांना मिळेल त्यांनी जरूर वाचावं. फक्त मलईपासून सुरुवात करू नये. आधी नोकरांचं पान काढावं, श्ची, काशा, बटाटे, आणि मग स्टर्जनकडं वळावं.