मानवी हक्कांचे संशोधन आणि आपली संदर्भसाधने

१९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना एक छोटेसे पत्र लिहिले. तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे निवेदन सादर केल्याचे बाबासाहेबांच्या वाचनात आले होते. भारतातील अस्पृश्यही त्याच मार्गाचा विचार करीत असल्याने त्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती मिळवून द्याव्यात, एवढीच विनंती त्यात होती. ३१ जुलैच्या उत्तरात ड्यू बॉईस यांनी प्रत पाठवीत असल्याचे कळविले. मानवी हक्कांचा जाहीरनामा येण्यास तेव्हा दोन वर्षांहून अधिक अवकाश होता. लढ्याचा विचार करताना मूळ कागद हाती असावा, ही बाबासाहेबांची शिस्त येथे दिसते. आज साधने विपुल असूनही ती शिस्त आपल्या लेखनात क्वचितच आढळते, असे खेदाने म्हणावे लागते.

खैरलांजीचेच उदाहरण घ्यावे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील या गावी एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुले यांची हत्या झाली. या विषयावरील कित्येक प्रबंध केवळ वृत्तपत्रीय कात्रणांवर उभे आहेत. वस्तुतः मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा १४ जुलै २०१० चा निकाल ‘इंडियन कानून’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. परंतु केवळ निकालावर विसंबणारा अभ्यासकही फसेल. मारहाणीच्या प्रकरणातील साक्षीचा सूड हाच हेतू मानून न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही, असे ठरविले. त्या निकालाशेजारी सत्यशोधन समित्यांचे अहवाल आणि डॉ. आनंद तेलतुंबडे यांचा २००८ चा ग्रंथ ठेवला, तरच जात कोठे व कशी गळून पडली हे कळते. येथे एक व्यावहारिक सूचना. इंग्रजीत गावाचे नाव ‘खैरलांजी’ आणि ‘खेरलांजी’ अशा दोन्ही उच्चारांनी लिहिले गेले आहे. एकच रूप शोधणाऱ्याच्या हाती अर्धेच साहित्य लागते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल हे दुसरे साधन. त्यांतील आकडे नोंदविलेल्या गुन्ह्यांचे असतात, घडलेल्या नव्हे. पोलीस ठाण्याच्या उंबरठ्यावरून परतविलेला माणूस त्या तक्त्यात नसतो. शिवाय तक्त्यात ‘अनुसूचित जाती’ हा रकाना आहे, पीडिताच्या धर्माचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात पासष्ट लाखांवर बौद्ध आहेत. त्यांच्यावरील अत्याचारांची वेगळी संख्या या अहवालांतून काढताच येत नाही. ती काढून दाखविणाऱ्या लेखकाकडे वाचकांनी पुरावा मागावा.

‘शोधगंगा’ या भांडारात विद्यापीठांचे प्रबंध सर्वांना खुले आहेत, ही मोठीच सोय. पण अनेक मराठी प्रबंध छायाप्रतींच्या रूपात असल्याने त्यांच्या आत शब्द शोधता येत नाही; शीर्षक आणि अनुक्रमणिका चाळूनच वाट काढावी लागते. विद्वत्पत्रिकांची अडचण निराळी. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेखाली सुमारे तेरा हजार पत्रिका शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना उपलब्ध झाल्या. संस्थेबाहेरचा अभ्यासक मात्र दाराबाहेरच राहिला. आणि आंबेडकरी चळवळीतील लेखनाचा मोठा भाग तर अशाच अभ्यासकांनी, नोकरी सांभाळून, केलेला आहे. वसंत मून यांनी शासकीय सेवेत राहून बाबासाहेबांचे विखुरलेले कागद जमविले, तेव्हा कोठे १९७९ पासून ते ग्रंथखंड प्रसिद्ध होऊ शकले.

आरंभी उल्लेखिलेले पत्र आज अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आहे. मनीषनगरातील माझ्या खोलीत बसून ते मी काही क्षणांत उघडू शकलो. २००६ च्या अखेरीस खैरलांजीच्या निषेधार्थ विदर्भात वाटली गेलेली मराठी पत्रके मात्र मला कोणत्याही सूचीत सापडली नाहीत. त्यांतील दोन एका परिचिताच्या घरी, जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात मिळाली.