टाचेकडून वाचायचा बूट

टँगोचा जोड दुकानात मांडलेला दिसला की नजर आधी चवड्यावर जाते. पट्ट्यांची गुंफण, रंग, बोटांपाशी सोडलेली मोकळी जागा हे सगळं तिथेच असतं, आणि बुटाचं तोंड पुढे असतं ही आपली पक्की समजूत. टँगोत मात्र स्त्री बहुतेक वेळ उलट पावली चालते. जोडीदाराच्या मिठीत, त्याच्याकडे तोंड करून, तो पुढे येईल तसा ती पाय मागे टाकत जाते. जोडी जिकडे निघाली आहे तिकडे तिची पाठ असते, म्हणजेच तिची टाच असते. या नाचापुरतं बुटाचं तोंड मागे आहे.

बुएनोस आइरेसमध्ये शिवलेले जोड पाहताना ही गोष्ट एकदा लक्षात आली की बाकीचं आपोआप उलगडतं. पुढच्या बाजूला दोन-तीन साध्या पट्ट्या, आणि टाच झाकणाऱ्या मागच्या वाटीवर मात्र जरीचं कापड, दुसऱ्या रंगाचं चामडं, लेस, कधी बिबट्याचे ठिपके. मिलोंगा म्हणजे टँगोची मैफल. तिथे मधे फरशी, भोवती टेबलं, आणि जोड्या घड्याळाच्या उलट्या दिशेने गोल फिरत असतात. बसलेल्या माणसाच्या नजरेसमोरून एकामागून एक टाचा जातात. जाणकार तिकडेच पाहतात, आणि कारागिराने आपली हौस तिथेच भागवलेली असते.

हौसेच्या खाली हिशेब आहे. उंच टाच साधारण 7 ते 9 सेंटिमीटरची असते. एवढ्या उंचीवर बाई तोलून कशी राहते, याचं उत्तर टाच कुठे बसवली आहे यात सापडतं. चांगल्या जोडाची टाच पायाच्या टाचेच्या हाडाखाली, बरोबर मधोमध येते; वजन सरळ रेषेत खाली उतरतं. ती जरा मागे गेली की प्रत्येक पावलाला पाय मागे ओढला जातो आणि घोटा लटपटतो. पारख करायला फार काही लागत नाही. जोड सपाट टेबलावर ठेवावा, मागून डोळा लावून पाहावं, आणि वाटीला बोटाने हलकेच ढकलावं. डुलला तर परत द्यावा, रंग कितीही मनात भरलेला असो.

दुसरी परीक्षा हातातली. एका हातात टाच, दुसऱ्या हातात टोक धरून बूट वाकवावा. तो फक्त चवड्यापाशी वाकला पाहिजे. टाचेपासून चवड्यापर्यंतच्या कमानीत पोलादाची एक पट्टी लपवलेली असते. तिच्या जिवावर तो भाग पुलासारखा ताठ राहतो. पट्टी लेचीपेची असेल तर कमान दबते, टाच आत झुकते, आणि तासाभरात पोटऱ्या भरून येतात. दिखाऊ पार्टीचे सँडल आणि नाचाचे सँडल शेजारी ठेवले तर डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही. तो हातांना कळतो.

पण या बुटाची खरी कविता तळव्यावर लिहिलेली असते. टँगोत पाय उचलून टाकायचा नसतो, तो फरशीला धरून न्यायचा असतो. ओचो या हालचालीत पावलांनी जमिनीवर आठचा आकडा निघतो. त्यासाठी एका चवड्यावर सगळं शरीर फिरवावं लागतं. तळवा रबराचा असेल तर पाय तिथेच चिकटतो, वळणाचा पीळ वर चढतो आणि गुडघ्याला भोगावा लागतो. तळवा फारच गुळगुळीत असेल तर पाय हातचा जातो. म्हणून निवड दोनच गोष्टींत राहते: कडक चामडं किंवा लव असलेलं सुएड. चामडं घसरतं जास्त आणि टिकतंही जास्त. सुएड फरशीला किंचित धरून ठेवतं, नवशिक्याला आधार देतं. बुएनोस आइरेसमध्येच पाहिलं तर सालोन कॅनिंगची लाकडी फरशी वेगळी, सुंदरलँड क्लबात बास्केटबॉलच्या मैदानावर नाचायचं ते वेगळं, आणि बेलग्रानोच्या बागेतल्या ग्लोरिएतामध्ये उघड्या मंडपाखालची जमीन आणखी वेगळी. त्यामुळे मुरलेल्या मंडळींच्या पिशवीत बऱ्याचदा दोन जोड असतात.

संगीतही तळव्याकडून वेगवेगळं काम मागतं. कार्लोस दि सार्लीचा वाद्यवृंद ऐकावा. त्याचं 'बाईया ब्लांका' घ्या. व्हायोलिनचे लांब सूर, मधे पियानोचं भारदस्त बोलणं. इथे पाय मागे जाताना अंगठ्याची आतली कड फरशीवरून अखंड रेघ ओढत जाते. त्या रेघेत तळवा अडखळला की सूर तुटल्यासारखं वाटतं. याउलट हुआन दारिएन्सोचा वाद्यवृंद. 1935च्या अखेरीस रोदोल्फो बियाजी त्याच्या पियानोवर बसला आणि त्या वृंदाचा ठेका धारदार झाला. तिथे पाऊल पडायचं ते नेमकं, आणि पडलं की थांबायचं. एकाच तळव्याने सरकावंही आणि धरावंही, अशी ही दुहेरी मागणी आहे. चांगला जोड ती पुरी करतो आणि नाचणारीला आपली आठवणही होऊ देत नाही.

मापाच्या बाबतीत कोल्हापुरी चपलेचा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो: घेताना घट्ट, कारण चामडं सैल होणारच. पट्ट्या पायाला बसलेल्या असाव्यात, पण रुतू नयेत. बोटं पुढच्या कडेच्या बाहेर लोंबत असतील तर माप चुकलं. टाच वाटीत डुगडुगत असेल तरीही चुकलं. घोट्यावरचा पट्टा सगळा भार घेतो, म्हणून त्याचं बक्कल, त्याची भोकं आणि बक्कलाशी शिवलेली इलॅस्टिकची तुकडी नीट पाहून घ्यावी. खरेदी संध्याकाळी करावी. दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि मिलोंगाही बहुतेकदा रात्रीच असतो. दुकानात आरशासमोर पुढे चालून काही कळत नाही. दहा पावलं उलटी चालून पाहावीत.

बुएनोस आइरेसच्या आरेनालेस रस्त्यावर 'कोम इल फो' नावाचं दुकान आहे. एदुआर्दो आरोलासच्या एका टँगोचंही हेच नाव. तिथली ख्याती अशी की जोड मांडून ठेवलेले नसतात. आपण माप सांगायचं, आवड सांगायची, मग आतून खोके येतात आणि एकेक उघडतात. नखरा वाटेल, पण पद्धत शहाणपणाची आहे. भिंतभर रंग समोर असले की डोळा निवड करतो. एका वेळी एकच जोड पुढ्यात आला तर पायालाही बोलायची संधी मिळते.

पुरुषांच्या जोडाबद्दल थोडक्यात सांगता येतं. नाडीचा बूट, पातळ चामडी तळवा, दोन-अडीच सेंटिमीटरची टाच, आणि वरचं चामडं इतकं मऊ की पावलाचा कल जोडीदाराला जाणवावा. काळ्या-पांढऱ्या दुरंगी जोडाचा दिमाख आजही आहे. चकचकीत पेटंट चामडं घेणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं: टँगोत पाय एकमेकांना घासून जातात, आणि पेटंटला पेटंट चिकटतं. आतल्या बाजूला व्हॅसलिनचा पुसटसा हात फिरवला की सुटका होते.

निगा राखायची तीही तळव्यापासूनच. हे बूट घालून रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. मैफलीच्या जागी पोचल्यावर घालायचे, निघताना उतरवायचे. बाहेरची धूळ आणि ओल तळव्यात शिरली की तो गेला. सुएडची लव फरशीवरचं मेण आणि घाण खाऊन चपटी, काळी होते. तारेच्या ब्रशने ती उलटी-सुलटी विंचरून पुन्हा उभी करावी. चामड्याचा तळवा काचेसारखा झाला तर वाळूकागदाचे दोन हात पुरतात. फरशी चिकट आहे म्हणून पावडर शिंपडणं हा असभ्यपणा. आपण सुटतो आणि शेजारची जोडी घसरते. नाचून घामेजलेले बूट लगेच पिशवीत कोंबू नयेत. कागद भरून सावलीत वाळवावेत, मग कापडी पिशवीत ठेवावेत. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात तर हे चुकवूच नये, आठवड्याभरात चामड्यावर बुरशी धरते. टाचेखालची टिकली झिजत आली की आतला खिळा दिसायच्या आधीच चांभाराकडून बदलून घ्यावी. उघडा खिळा लाकडी फरशीचं जे करतो, त्याबद्दल यजमान क्षमा करत नाही.

आणि वर्षभर वापरलेला जोड टाकून देण्याआधी उलटा करून वाचावा. अंगठ्याच्या मुळाखाली गोल, नितळ झीज असेल तर वळणं जागच्या जागी होत आहेत. बाहेरची कड खाल्लेली असेल तर वजन बाहेर सांडतंय. टिकलीची मागची कड आधी गेली असेल तर नाचणारी मागे रेलून चालते, आणि तिला आणखी उंच टाच देणं म्हणजे दुखण्याला खतपाणी घालणं. नवा जोड घ्यायला जाताना जुना बरोबर न्यावा तो याचसाठी. टाच किती, तळवा कोणता, पट्टा कुठून हवा, हे तो विक्रेत्यापेक्षा नेमकं सांगतो. रंग त्यानंतर खुशाल आपल्या आवडीने ठरवावा.