एकच खोबण, अनेक करार : जुन्या घरगुती संगणकांवरील जॉयस्टिक-सुसंगतीची चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा प्रोसेसर, स्मृती आणि आज्ञावलीच्या भाषा यांच्याभोवती फिरते. वापरणाऱ्याचा हात ज्या वस्तूवर प्रत्यक्ष पडत होता ती जॉयस्टिक या इतिहासात तळटीपेपुरती उरते. १९८० च्या दशकातील घरगुती संगणक पुन्हा चालू करू पाहणाऱ्या संग्रहालयांना आणि हौशी संग्राहकांना मात्र या तळटीपेशीच झगडावे लागते. काठी हलवूनही पडद्यावरील आकृती जागची हलत नाही, भलत्या दिशेला वळते, किंवा कोणी हात लावलेला नसतानाही धावत सुटते. 'नऊ पिनांचा प्लग खोबणीत बसला, म्हणजे जॉयस्टिक चालेल. न चालल्यास ती बिघडली आहे' असे एक गृहीतक या संदर्भात रूढ आहे. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे. ते अपुरे तर आहेच, शिवाय काही प्रसंगी यंत्राला घातकही ठरते.

नऊ पिनांची रूढी

अटारी कंपनीने १९७७ मध्ये आणलेल्या 'व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम' या खेळयंत्राने नऊ पिनांची जोडणी लोकप्रिय केली. तिची रचना कमालीची साधी आहे. पिन १ ते ४ या वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे या दिशांसाठी. पिन ६ फायर-बटनासाठी. पिन ८ सामाईक भूमी. पिन ७ वर ५ व्होल्ट. आणि पिन ५ व ९ पॅडल नावाच्या फिरत्या नियंत्रकासाठी. काठीच्या आत बुद्धी अशी काही नसते. पाच खटके असतात आणि दाबलेला खटका आपली पिन ८ व्या पिनेला जोडतो, इतकेच. कमोडोरच्या व्हिक-२० आणि कमोडोर ६४ (१९८२) या संगणकांनी आणि पुढे अटारी एसटी व अमिगा यांनी हाच क्रम स्वीकारला. हा क्रम कोणत्याही मानक-संस्थेच्या ठरावातून आलेला नव्हता. तो वापराने रूढ झाला आणि रूढीचे बळ व दौर्बल्य दोन्ही त्याच्या वाट्याला आले. प्लगचा आकार सर्वांनी उचलला. पिनांचा अर्थ मात्र ज्याने त्याने आपल्या सोयीने लावला.

एमएसएक्स (१९८३) या प्रणालीत ५ व्होल्ट पाचव्या पिनेवर आहेत, भूमी नवव्या पिनेवर आहे आणि आठवी पिन ही आज्ञावलीच्या ताब्यातील निर्गम-रेषा आहे. तरीही अटारी-क्रमाची साधी काठी तेथे चालते, कारण आज्ञावली सामान्यतः आठवी रेषा शून्य व्होल्टवर ठेवते. हा सुदैवी योगायोग आहे. त्याला सुसंगती म्हणणे धाडसाचे होईल. उलट दिशेने तर योगायोगही साथ देत नाही. एमएसएक्ससाठी जोडलेल्या दोन बटनांच्या काठीत दुसरे बटन पिन ७ आणि पिन ८ यांना जोडते. ॲमस्ट्रॅड सीपीसीसाठी जोडलेल्या काठीत पहिले फायर-बटन नेमके हेच करते. अशी काठी कमोडोर ६४ ला लावून ते बटन दाबले, की ५ व्होल्टचा पुरवठा थेट भूमीला भिडतो. प्लग बिनतक्रार बसलेला असतो आणि शॉर्टसर्किट झालेले असते.

याहून टीकेस पात्र उदाहरण स्पेक्ट्रम प्लस टूचे आहे. ॲमस्ट्रॅडने एप्रिल १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय विकत घेतला आणि त्याच वर्षी आणलेल्या या यंत्राला दोन जॉयस्टिक-पोर्ट दिले. खोबण नऊ पिनांचीच, पण क्रम पूर्णपणे निराळा. त्यासाठी एसजेएस-१ ही स्वतंत्र काठी. याच कंपनीच्या सीपीसीवर दिशांच्या पिना अटारी-क्रमानेच होत्या, म्हणजे ती रूढी कंपनीला ठाऊक होती. तेव्हा या बदलाचे तांत्रिक गरज म्हणून समर्थन करणे कठीण आहे. ग्राहकाच्या घरातील चालू काठी त्याने निरुपयोगी केली, आणि तीही नादुरुस्त भासेल अशा रीतीने.

आज्ञावलीचे वाचन

तारा योग्य जुळल्या तरी प्रश्न संपत नाही. १९८२ च्या मूळ स्पेक्ट्रमला जॉयस्टिक-पोर्टच नव्हता. ती उणीव बाहेरील जोड-उपकरणांनी भरून काढली आणि प्रत्येकाने आपली परिभाषा आणली. सिंक्लेअरचे इंटरफेस-२ काठीची हालचाल कळफलकावरील अंकांत रूपांतरित करते. त्याच्या एका पोर्टवर ६ म्हणजे डावीकडे, ७ उजवीकडे, ८ खाली, ९ वर आणि ० फायर. 'कर्सर' पद्धतीत मात्र ५ डावीकडे, ६ खाली, ७ वर, ८ उजवीकडे. फायर पुन्हा ०. त्यामुळे खेळाच्या सूचीत चुकीचा पर्याय निवडल्यास फायर-बटन अचूक चालते आणि दिशा तेवढ्या फिरतात. हे लक्षण ओळखणारा काठी उघडण्यास बसत नाही. त्या काळच्या खेळांच्या आरंभी येणारी 'कळफलक, केम्पस्टन, सिंक्लेअर, कर्सर' ही सूची म्हणजे निव्वळ औपचारिकता नव्हे. एका यंत्राच्या चार बोलींपैकी कोणती बोलायची, हा तो प्रश्न आहे.

केम्पस्टन पद्धत कळफलकाला बगल देऊन पोर्ट ३१ वर स्वतंत्र संख्या देते. उजवीकडे १, डावीकडे २, खाली ४, वर ८, फायर १६. स्वस्थ काठी म्हणजे ०. येथे दाबलेला खटका १ या बिटाने दर्शवला जातो. उपकरण जोडलेलेच नसेल तर तो पोर्ट वाचताना बहुधा २५५ मिळतात, म्हणजे सर्व दिशा आणि फायर एकाच वेळी दाबलेले. काठी नसलेल्या यंत्रावर नायक आपोआप धावतो तो यामुळे. कमोडोर ६४ मध्ये अर्थ उलटा आहे. तेथे दाबलेला खटका शून्याने दर्शवला जातो आणि रिकामा पोर्ट 'काही नाही' असेच सांगतो. एका यंत्रात मौन म्हणजे नकार, दुसऱ्यात मौन म्हणजे सर्व गोष्टींना होकार!

कमोडोर ६४ ची अडचण वेगळी आहे. त्याचे दोन्ही पोर्ट सीआयए या चिपच्या ज्या रेषांवर आहेत, त्याच रेषांवर कळफलकही आहे. पोर्ट १ मधील काठी वर ढकलली तर यंत्राला १ ही कळ दाबल्याचा भास होतो. उजवीकडे नेल्यास २ चा, फायर दाबल्यास स्पेसबारचा. डावीकडे धरून ठेवल्यास कंट्रोल-कळ दाबल्याप्रमाणे आज्ञावलीची यादी संथ सरकते. अनेक खेळांनी पोर्ट २ पसंत केला त्यामागे ही काटकसर आहे. रेषा वाचवण्याचा निर्णय स्वस्त यंत्राच्या दृष्टीने समजण्याजोगा होता. त्याची किंमत मात्र वापरणाऱ्याच्या गोंधळाने चुकती झाली.

आकाराचा मोह

सेगा मेगाड्राइव्हचा (१९८८) हातनियंत्रक याच नऊ पिनांचा आहे आणि कमोडोर ६४ ला लावून तो 'चालतो' असा अनुभव सांगितला जातो. येथे 'चालतो' हा शब्द तपासून घेतला पाहिजे. या नियंत्रकात नुसते खटके नसून एक निवडक-चिप आहे. तिला वीज पाचव्या पिनेवर हवी असते, तर कमोडोरवर ती सातव्या पिनेवर असते. साधा खटका रेषेला फक्त भूमीकडे ओढतो. ही चिप रेषेवर स्वतः व्होल्टेज लादते आणि त्याच रेषांवर कळफलकाचे वाचन चालू असते. त्यातून सीआयएला धोका संभवतो. योग्य अडॅप्टरशिवाय असा प्रयोग सुचवणारा सल्ला बेजबाबदार म्हटला पाहिजे. मूळ ६५२६ चिपचे उत्पादन कधीच थांबले आहे.

हा मोह नऊ पिनांपुरता मर्यादित नाही. १९८४ मध्ये भारत सरकारच्या 'क्लास' प्रकल्पाद्वारे येथील शाळांत पोहोचलेल्या बीबीसी मायक्रोला पंधरा छिद्रांचा ॲनालॉग पोर्ट आहे. आयबीएम पीसीचा गेम-पोर्टही त्याच आकाराचा. पीसी काठीचा रोध मोजतो, तोही धारित्र भरण्यास लागणाऱ्या वेळावरून. बीबीसी मायक्रो व्होल्टेज मोजतो. पीसीची निर्दोष काठी बीबीसीवर निरुत्तर राहते, यात दोष कोणाचाही नाही.

दोषनिदानाचा क्रम यावरून उलटावा लागतो. आधी यंत्रापासून सुटी असलेली काठी मल्टिमीटरने तपासावी आणि कोणते बटन कोणत्या दोन पिना जोडते हे लिहून घ्यावे. सात आणि आठ ही जोडी आढळल्यास तेथेच थांबावे. त्यानंतर खेळ न लावता यंत्रालाच विचारावे. स्पेक्ट्रमवर 'प्रिंट इन ३१' ला केम्पस्टनसह ० मिळाले पाहिजेत. कमोडोर ६४ वर 'प्रिंट पीक(५६३२०)' ला स्वस्थ स्थितीत १२७, आणि काठी वर ढकलल्यास १२६. खेळातील पर्यायाचा विचार यानंतरचा. संग्रहाच्या नोंदवहीत 'जॉयस्टिक, ९ पिन' एवढीच नोंद करण्याची पद्धत या दृष्टीने सदोष आहे. पिनांचा क्रम, सातव्या पिनेचे कार्य आणि आत चिप आहे की नुसते खटके, या तीन बाबी प्रत्येक काठीच्या नावापुढे असावयास हव्यात.