चिमणराव : निवेदन आणि चेहरा
चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाचा निस्सीम चाहता पडद्यावरील चिमणरावाविषयी साशंक असतो. त्याची शंका केवळ भक्तीतून आलेली नाही. 'एरंडाचे गुऱ्हाळ', 'चिमणरावांचे चऱ्हाट' ही पुस्तके रूढ अर्थाने कादंबऱ्या नव्हेत. कथाकथांतून वाढत जाणारा तो एक संसार आहे, आणि तो सांगणारा स्वतः चिमणराव. आपली फजिती तो गंभीरपणे, किंबहुना कर्तबगारी म्हणून सांगतो. वाचक हसतो तो घटनेला नव्हे, घटना व निवेदन यांतील अंतराला. कॅमेऱ्यापुढे निवेदकच दृश्याचा विषय होतो आणि हे अंतर मिटते. विनायक दिग्दर्शित 'लग्न पहावं करून' (१९४०) व 'सरकारी पाहुणे' (१९४२) यांत दामुअण्णा मालवणकरांची तिरळी नजर संवादाआधीच हशा मिळवते. हा नटाचा विजय खराच. पण आपण हास्यास्पद आहोत याचा चिमणरावाला पत्ताच नसणे, ही मूळ गंमत त्यात मागे पडते. (विष्णुपंत जोगांच्या गुंड्याभाऊला ही अडचण नाही; तो पुस्तकातही बाहेरूनच दिसतो.) जेरोम के. जेरोमच्या होडीतील तिघांचे रूपांतर करणाऱ्यापुढेही हाच पेच उभा राहतो.
सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवरील मालिकेने सुटे प्रसंग सुटेच ठेवले. दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे या जोडीचा चित्रपटही १९७९मध्ये आला, तरी चाहत्यांच्या स्मरणात राहिली ती मालिकाच. प्रभावळकरांचा चिमणराव विनोद करीत नाही, काळजी करतो. निवेदनातील प्रांजळ गांभीर्य तेथे चेहऱ्यावर उतरते.